पोरकी पॅकेजेस

मंडळी, या शनिवारी जरा जुनी गोष्ट सांगतो.

आमच्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे. लहानपणी मी तिथली निम्मी पुस्तकं वाचली (उरलेली निम्मी लोकांनी नेऊन परत केली नव्हती). नोकरी लागल्यावर म्हटलं, थोडं ऋण फेडावं. म्हणून २००७ च्या दिवाळीत मी तिथे माझा जुना संगणक नेऊन बसवला आणि त्यावर डेबियन टाकून दिलं. इंटरनेट नव्हतं, त्याची गरजही नव्हती. काम एकच होतं, पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या नंबरांच्या चिठ्ठ्या छापायच्या. त्यासाठी डेबियनमध्ये एक चिमुकला प्रोग्राम होता. नाव मुद्दामच सांगत नाही, त्याच्या लेखकाला शोधत कुणी जाऊ नये म्हणून. त्याला नंबरांची यादी दिली की तो पानावर चौकटी आखायचा आणि एकेका चौकटीत एकेक नंबर टाकायचा. ग्रंथपालकाका त्याच्यावर बेहद्द खूश होते.

मे २००९ मध्ये एका सभासदाने वाचनालयाला नवा प्रिंटर भेट दिला. जुनी डिस्कही कुरकुर करायला लागली होती. मी नवी डिस्क आणि डेबियन ५.० च्या डीव्हीड्या पिशवीत घालून एसटीने गावी गेलो. दुपारपर्यंत सगळं झकास चालू झालं. प्रिंटर एका दमात ओळखला गेला. मग चिठ्ठ्यांचा प्रोग्राम टाकायला गेलो, तर तो डीव्हीडीवर नाहीच! पुन्हा शोधला, वेगळ्या नावाने शोधला. नाही म्हणजे नाही. जुन्या डीव्हीडीवरचं पॅकेज तसंच टाकून पाहिलं, तर ते एका जुन्या लायब्ररीवर अडून बसलं.

काका मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "अरे, प्रिंटर चालू केलास आणि छापायचंच बंद केलंस होय?"

संध्याकाळी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन शोध घेतला. डेबियनच्या बगांच्या नोंदवहीत त्या पॅकेजचा अख्खा मृत्युलेख होता. सांभाळणाऱ्याने वेळ नाही म्हणून ते सोडून दिलं. दत्तक घ्यायला कुणी आलं नाही. मूळ लेखकाची वेबसाइट बंद पडली. शेवटी कुणीतरी लिहिलं होतं, की वापरणारे फारसे नाहीत, काढून टाकावं. आणि टाकलं.

'वापरणारे फारसे नाहीत' हे वाक्य मी बराच वेळ बघत बसलो. कारण आमचं वाचनालय त्या मोजणीत नव्हतंच. ते कसं, हे पुढे येईलच. त्याआधी थोडा इतिहास सांगतो, त्याशिवाय गंमत कळायची नाही.

*

डेबियनची सुरुवातच मुळी दुसऱ्याच्या हेळसांडीवर वैतागून झाली आहे. १९९३ साली लिनक्स वापरायचं तर 'सॉफ्टलँडिंग लिनक्स सिस्टिम' नावाचं एक वितरण बरंच लोकप्रिय होतं. म्हणजे लिनक्सचा गाभा आणि त्याबरोबर लागणारी इतर आयुधं एकत्र बांधलेली एक थैली. पण त्या थैलीत बग फार, आणि ते दुरुस्त व्हायचे नाहीत. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या पोराने आधी ती दुरुस्त करायचा प्रयत्न केला आणि मग स्वतःच नवं वितरण बांधायचं ठरवलं. १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याने तशी घोषणा केली. त्या वेळची त्याची मैत्रीण डेब्रा आणि तो इयन, म्हणून डेब-इयन, डेबियन.

जानेवारी १९९४ मध्ये त्याने एक जाहीरनामा लिहिला. त्याचा रोख असा, की वितरण बांधणं हे काही दिमाखाचं काम नाही. सतत लक्ष देऊन निगराणी करण्याचं काम आहे, आणि लोक तेच करत नाहीत. उपाय त्याने असा काढला, की सगळं एका माणसाने करायचं नाही. प्रणालीचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक पॅकेज, आणि प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा. मूळ प्रोग्राम लिहिणारा वेगळा (त्याला आपण लेखक म्हणू) आणि तो प्रोग्राम डेबियनमध्ये नीट बसवणारा, त्याचे बग निस्तरणारा वेगळा. या दुसऱ्याला मेंटेनर म्हणतात. आपल्याकडे देवळाचा गुरव असतो ना, तसं. देऊळ त्याने बांधलेलं नसतं, पण दिवाबत्ती त्याच्याकडे.

ही कल्पना अफाट चालली. जून १९९६ मध्ये डेबियन १.१ आलं, तेव्हा त्यात ४७४ पॅकेजेस होती. जून २००५ च्या ३.१ मध्ये सुमारे १५,४००. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९,८३०. आणि हे सगळं सांभाळणारे स्वयंसेवक. पगार नाही, हजेरी नाही.

आता एक मजा बघा. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या सिनेमातल्या खेळण्यांची नावं असतात. १९९६ मध्ये मर्डॉककडून प्रकल्पाची धुरा ब्रूस पेरेन्सने घेतली. तो तेव्हा पिक्सारमध्ये, म्हणजे हा सिनेमा काढणाऱ्या कंपनीतच, नोकरीला होता. १.१ म्हणजे बझ, ३.१ म्हणजे सार्ज, माझ्या डीव्हीड्यांवरचं ५.० म्हणजे लेनी. आणि जिथे रोज नवी पॅकेजेस येऊन आदळतात आणि रोज काहीतरी मोडतं, त्या कायम अस्थिर शाखेचं नाव सिड. सिनेमातलं शेजारचं ते द्वाड कार्टं, खेळणी मोडणारं. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

*

पण 'एक पॅकेज, एक सांभाळणारा' या योजनेत एक मेख आहे. सांभाळणारा माणूस असतो. त्याचं शिक्षण संपतं, नोकरी लागते, लग्न होतं, मूल होतं. आजारपण येतं. कधी नुसता कंटाळा येतो, कधी भांडण होतं. कधी माणूसच जातो. पॅकेज मात्र तिथेच असतं, त्याच्या नावाची पाटी लावून.

खरं तर पहिलं दत्तकविधान खुद्द डेबियनचंच झालं. मर्डॉक १९९६ मध्ये बाजूला झाला आणि त्याचं मूल दुसऱ्यांनी वाढवलं. २८ डिसेंबर २०१५ रोजी तो वारला. जून २०१७ मध्ये आलेलं डेबियन ९ त्याच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. तोवर प्रकल्प त्याच्याशिवाय एकवीस वर्षं चालला होता.

सोडून जाणाऱ्यांसाठी डेबियनने हळूहळू एक रीत बसवली. नव्वदच्या दशकात 'काम हवे असलेली पॅकेजेस' अशी एक यादी हाताने ठेवली जायची. पुढे ती बगांच्या नोंदवहीतच आली. ही नोंदवही म्हणजे इयन जॅक्सनने १९९४ मध्ये लिहिलेली प्रणाली, आजही तीच वापरात आहे. त्या यादीला डब्ल्यूएनपीपी म्हणतात आणि तिची स्वतःची सांकेतिक भाषा आहे. 'आरएफएच' म्हणजे दमलोय, कुणी हात लावा. 'आरएफए' म्हणजे सांभाळतोय, पण कुणी घेत असेल तर देईन. आणि नुसता 'ओ' म्हणजे ऑर्फन्ड, पोरकं. कुणी पुढे आलं तर तो 'आयटीए' लिहितो, माझा दत्तक घ्यायचा विचार आहे. (मला हे दर वेळी वधू-वर सूचक मंडळाच्या वहीसारखं वाटतं.)

पोरक्या पॅकेजवर सांभाळणाऱ्याच्या जागी 'डेबियन क्यूए ग्रुप' असं नाव लागतं. म्हणजे गावकीचं, आणि गावकीचं म्हणजे कुणाचंच नाही, हे आपल्याला सांगायला नको. पण त्याचा एक फायदा असतो. गावकीचं असल्याने दुरुस्ती कुणीही करू शकतो.

जो माणूस न सांगता गायब होतो त्याचं काय? त्यासाठी एमआयए नावाचा गट आहे. लष्करात बेपत्ता सैनिकांसाठी हा शब्द वापरतात, तोच यांनी उचलला. ते आधी मऊ शब्दांत विचारतात, बाबा रे, बरा आहेस ना? उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारतात. शेवटी त्याची पॅकेजेस पोरकी म्हणून जाहीर करतात.

सगळेच असे गायब होत नाहीत, बरं का. जोई हेस हा डेबियनमधला मोठा माणूस. पॅकेज बांधायचं डेबहेल्पर हे अवजार त्याने १९९७ मध्ये लिहिलं. डेबियनमधली बहुतेक पॅकेजेस त्याच्यावर बांधली जातात. नोव्हेंबर २०१४ मध्ये तो प्रकल्प सोडून गेला, पण सांगून गेला, चाव्या देऊन गेला. डेबहेल्पर आजही जोमात आहे. जावं तर असं.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ही पोरक्यांची यादी उघड असते. १९९७ मध्ये डेबियनने आपल्या वापरकर्त्यांशी एक सामाजिक करार केला. त्यातलं एक कलम म्हणजे आम्ही आमच्या अडचणी लपवणार नाही. एखादी कंपनी आपलं एखादं उत्पादन कुणी सांभाळत नाही असं दारावर लिहून ठेवील का?

*

आता तुम्ही म्हणाल, प्रोग्राम एकदा लिहिला की झालं ना? तो काय भाजी आहे का, नासायला?

तर हो, नासतो. म्हणजे तो तसाच राहतो आणि भोवतालचं जग सरकतं. आमच्या चिठ्ठ्यांच्या प्रोग्रामचंच घ्या. कॅफेतून मी त्याचा जुना सोर्स पेन ड्राइव्हवर आणला आणि लेनीवर कंपाइल करायला घेतला. धाडधाड चुका! कारण लेनीबरोबर जीसीसी ४.३ हा कंपायलर आला होता आणि त्याने हेडर फायलींची साफसफाई केली होती. पूर्वी एक हेडर मागवलं की त्याच्याबरोबर न मागता दुसरी दोन-चार यायची. आता जे मागाल तेवढंच मिळेल. लेखकाने कधी मागितलीच नव्हती ती हेडरं, त्याला फुकट मिळत होती. मी दोन ओळी वाढवल्या, आणि प्रोग्राम उठून बसला.

दोन ओळी! पण त्या घालायला माणूस हवा होता, तो नव्हता.

पुढेही हेच. मे २०२० मध्ये जीसीसी १० आला. जुन्या सी प्रोग्रामांत एक सवय होती, की हेडरमध्ये एखादं सामाईक चल नुसतंच जाहीर करून टाकायचं. ते हेडर पाच फायलींनी घेतलं तर पाच प्रती व्हायच्या, आणि लिंकर समजुतीने पाचांचं एक करायचा. जीसीसी १० ने ही समजूत घेणं बंद केलं. शेकडो पॅकेजेस बांधताना कोसळायला लागली. मे २०२४ मध्ये जीसीसी १४ आला. जाहीर न करता एखादं फंक्शन वापरलं तर पूर्वी नुसती ताकीद मिळायची, आता काम थांबतं. हे योग्यच आहे. कारण जाहीर केलेलं नसलं की कंपायलर समजतो ते ३२ बिटांचा पूर्णांक परत देईल. ते प्रत्यक्षात ६४ बिटांचा पत्ता देत असेल तर त्याचं अर्धं डोकं उडतं, आणि प्रोग्राम कधी चालतो, कधी मरतो.

शिवाय पायथन २ होतं, त्याचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यावर लिहिलेली आणि कुणी सांभाळत नसलेली पॅकेजेस त्याच्याबरोबर गेली. आणि १९ जानेवारी २०३८ ची तारीख आहेच. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी घड्याळं त्या दिवशी उलटी फिरणार. डेबियनने २०२४ मध्ये ३२ बिटांच्या एआरएम यंत्रांसाठी पॅकेजेसचे ढिगारे नव्याने बांधून ही दुरुस्ती केली. पोरक्या पॅकेजेसनाही हे सगळं लागू. त्यांना सवलत नाही.

*

वाचनालयाच्या त्या दोन ओळींनी मला चटक लागली. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसायचं, यादीतलं एक पोरकं पॅकेज उचलायचं, ते का बांधलं जात नाही ते बघायचं, ठिगळ लावायचं आणि पाठवायचं. माझ्याकडे थेट अपलोड करायचे अधिकार नव्हते, त्यामुळे एखाद्या अधिकृत डेव्हलपरने तपासून पुढे ढकलावं लागायचं. पहिल्या वेळी त्या भल्या माणसाने माझ्या चार ओळींवर अकरा शेरे मारले. शाळेत निबंधाच्या वहीवर लाल शाई दिसायची, तसं. पण शिकलो.

त्यातली शिष्टाई फार सुंदर आहे. पोरकं पॅकेज असेल तर गावकीच्या नावाने सरळ पुढचा क्रमांक, ३ नंतर ४. पण ज्याला मालक आहे त्याच्या पॅकेजला परक्याने हात लावायचा तर क्रमांक ३.१. त्या बारक्या 'पॉइंट वन'मध्ये सगळं आलं, की मी पाहुणा आहे, फक्त गळती थांबवतोय, भिंती पाडत नाही. आणि शक्यतो ते काही दिवस वाट पाहायच्या रांगेत टाकायचं, म्हणजे मालक जागा झाला तर थांबवू शकतो. २०१८ मध्ये याच्यापुढचं पाऊल टाकलं गेलं. मालक नावापुरताच उरला असेल, तर इच्छुकाने तशी नोंद करायची, २१ दिवस थांबायचं, मग निदान सात दिवसांच्या रांगेत टाकून पॅकेज ताब्यात घ्यायचं. कुणाचा अपमान नाही आणि कामही अडत नाही.

दुरुस्ती करणाऱ्याला एक भीती मात्र कायम बाळगावी लागते. २००६ मध्ये डेबियनमधल्या ओपनएसएसएल या पॅकेजवर व्हॅलग्रिंड नावाचं तपासणी-अवजार कुरकुर करत होतं, की न भरलेली स्मृती वापरली जातेय. सांभाळणाऱ्याने मूळ प्रकल्पाच्या लोकांना विचारून, चांगल्या हेतूने दोन ओळी काढल्या. त्यातल्या एकीबरोबर यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा साठाच गेला. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या फार तर ३२ हजारांच्या आसपास किल्ल्या. जगभरच्या डेबियन आणि त्यावर आधारलेल्या यंत्रांच्या गुप्त किल्ल्या ओळीने मोजता येण्यासारख्या झाल्या. मे २००८ मध्ये लुसियानो बेलो याने हे शोधलं आणि सगळ्यांना किल्ल्या नव्याने पाडाव्या लागल्या. दोन ओळी घालून मी वाचनालयाचा हिरो झालो होतो. दोन ओळी काढून असंही होतं.

*

आता माझी चूक सांगतो.

२०२० च्या उन्हाळ्यात सगळे घरीच होते. जीसीसी १० मुळे कोसळलेल्या पॅकेजेसची यादी घेऊन मी बसलो होतो. त्यात एक जुना प्रोग्राम आला. प्रयोगशाळेतल्या मोजमापाच्या यंत्रांना सिरियल पोर्टने जोडायचं आणि त्यांचे आकडे फाइलमध्ये उतरवून घ्यायचे, एवढंच त्याचं काम. पोरका. मूळ लेखकाची साइट नाही. माझ्याकडे ते यंत्र नाही, म्हणजे दुरुस्त करून तपासायचं कसं? मग मी पॉपकॉन बघितला.

पॉपकॉन म्हणजे डेबियनची लोकप्रियतेची मोजणी. संगणकावर डेबियन टाकताना एक प्रश्न येतो, की तुम्ही कोणती पॅकेजेस वापरता ते आम्हाला निनावी कळवू का? आधीच निवडलेलं उत्तर 'नाही' असतं. जो 'हो' म्हणेल त्याचा संगणक आठवड्यातून एकदा इंटरनेटवरून यादी धाडतो. त्या मोजणीत या प्रोग्रामचा आकडा किरकोळ होता. मी नोंद केली, की पोरकं आहे, लेखक बेपत्ता, बांधलं जात नाही, वापरणारे फारसे नाहीत, काढून टाकावं. टाकलं. एक शनिवार वाचला.

ऑगस्ट २०२१ मध्ये डेबियन ११ आलं. त्यानंतर काही महिन्यांनी मला एक मेल आली. दूरच्या एका देशातल्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक असलेला माणूस. त्याने लिहिलं होतं, आमच्या लॅबमध्ये नऊ संगणक आहेत, नव्या डेबियनमध्ये हे पॅकेज दिसत नाही, शोधलं तर काढा म्हणणाऱ्याचं नाव तुमचं दिसतंय. तक्रारीचा सूर नव्हता. पुढे एकच वाक्य होतं, की लॅबच्या संगणकांना इंटरनेट नाही, त्यामुळे तुमच्या मोजणीत आम्ही नसू.

मंडळी, मला काकांचा आवाज ऐकू आला. 'छापायचंच बंद केलंस होय?' ज्या वाक्याने २००९ मध्ये माझं डोकं फिरलं होतं, अगदी तेच वाक्य मी अकरा वर्षांनी दुसऱ्याच्या पॅकेजवर लिहिलं होतं. आणि कळत असून लिहिलं होतं. पॉपकॉन कसा मोजतो हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे!

मग बसलो. काढून टाकलेलं पॅकेज परत आणणं म्हणजे नव्या पॅकेजसारखंच. हेतू जाहीर करायचा, काढण्याची कारणं निस्तरायची, काढताना बंद केलेले जुने बग पुन्हा उघडायचे, परवान्यांची फाइल तपासून लिहायची, आणि मग नव्या पॅकेजेसच्या रांगेत उभं राहायचं. मूळ दोष? हेडरमधल्या तीन चलांच्या आधी 'एक्स्टर्न' हा शब्द लिहायचा आणि ती चलं एकाच सी फायलीत ठेवायची. वीस मिनिटं. तपासणी त्या सहायकाने केली. मी बांधून पाठवायचो, तो पेन ड्राइव्हने लॅबमध्ये नेऊन यंत्राला जोडायचा आणि संध्याकाळी आकडे पाठवायचा. जून २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ते पॅकेज परत आलं. सांभाळणाऱ्याच्या जागी माझं नाव.

म्हणून सगळंच ठेवावं असं मी म्हणत नाही. डेबियन १३ मध्ये ८,८४० हून अधिक पॅकेजेस कालबाह्य म्हणून काढली गेली, आणि त्यातली बहुतेक खरंच जायला हवी होती. ज्याच्या सुरक्षेच्या भोकांकडे कुणी बघत नाही असं पॅकेज ठेवणं हीसुद्धा वापरणाऱ्यांशी फसवणूकच. माझी चूक काढण्यात नव्हती. आकडा बघून, कुणाला न विचारता काढण्यात होती.

*

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या सहायकाने विचारलं, मी बरोबरीने सांभाळू का? एव्हाना तो चांगले पॅच लिहायला लागला होता. मी आनंदाने हो म्हटलं.

आणि २९ मार्च २०२४ ला एक्सझेडची बातमी आली. एक्सझेड म्हणजे फायली दाबून लहान करायचं एक अवजार, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. त्याचा सांभाळणारा एकटा आणि थकलेला होता. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदत केली, विश्वास कमावला. त्या काळात इतर काही नावांनी त्या थकलेल्या माणसावर दबाव येत राहिला, की जमत नसेल तर दुसऱ्याकडे दे. आणि चाव्या हातात आल्यावर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एसएसएचमधून शिरायचा चोरदरवाजा बसवला. डेबियनच्या सिड आणि टेस्टिंग शाखांपर्यंत तो पोचलाही होता. सुदैवाने स्थिर आवृत्तीत नव्हता. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला सिडवर एसएसएचचं लॉगिन अर्धा सेकंद हळू वाटलं, आणि काही आठवड्यांपूर्वी व्हॅलग्रिंडने केलेली एक विचित्र कुरकुर आठवली. पुन्हा तेच व्हॅलग्रिंड! २००६ मध्ये त्याला गप्प केलं म्हणून घोळ झाला, आणि २०२४ मध्ये त्याचं ऐकलं म्हणून वाचलो.

त्या शनिवारी मी काय केलं असेल? माझ्या त्या मित्राचे सगळे पॅच पहिल्यापासून पुन्हा वाचले. ज्याला मी कधी पाहिलेलं नाही, ज्याने दोन वर्षं मदत केली, ज्याने आपणहून किल्ली मागितली. वाचताना लाज वाटत होती, आणि तरी एकही ओळ सोडली नाही. काही निघालं नाही. मग न राहवून त्याला तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं, मीही तुमचे वाचले, त्याच दिवशी.

आता आम्ही दोघं एकमेकांचं प्रत्येक अपलोड वाचतो, तसा नियमच केला आहे. दत्तक देताना-घेताना भाबडेपणा चालत नाही, आणि संशयापोटी कुणाला दारातच उभं केलं तर थकलेला माणूस एकटाच राहतो. यावर वाचून बघण्याखेरीज दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

असो. फार लांबलं. ग्रंथपालकाका निवृत्त झाले, वाचनालयात नवा संगणक आला, चिठ्ठ्या आता दुसऱ्याच प्रोग्रामने छापतात. काकांना परवा फोनवर ही सगळी कथा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे रे, पण तू मेलास की ते पॅकेज कोण बघणार?" म्हटलं, काका, तो लॅबवाला आहे. "आणि तो?"

म्हणून हे लिहायला बसलो. तुमच्यापैकी कुणी डेबियन वापरत असेल तर डेवस्क्रिप्ट्स हे पॅकेज टाका आणि डब्ल्यूएनपीपी-अलर्ट ही आज्ञा चालवा. तुमच्याच संगणकावरची कोणती पॅकेजेस पोरकी आहेत याची यादी मिळेल. माझ्याकडे आज सकाळी सात निघाली. त्यातलं एक तरी तुम्ही रोज वापरत असाल. चहा घेऊन बसा, आणि अडलात तर मला लिहा. वीस मिनिटांचंही काम असेल.

तूर्तास इतकंच.